निद्राविकार : तक्रार एक, आजार अनेक

‘रात्री झोप नीट होत नाही’ ही तक्रार ऐकायला एकच असली, तरी तिच्यामागचे आजार पुष्कळ आहेत आणि त्यांची कारणेही एकमेकांहून अगदी निराळी आहेत. निद्राविकारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची तिसरी आवृत्ती २०१४ मध्ये निघाली, २०२३ मध्ये तिचा सुधारलेला मजकूर आला. तिच्यात सहा प्रमुख गट केले आहेत : निद्रानाश, झोपेतील श्वसनाचे विकार, दिवसा अनावर झोप आणणारे मेंदूचे विकार, जैविक घड्याळाचे विकार, झोपेत चालणे-ओरडणे यांसारखी विचित्र वर्तने, आणि झोपेतील हालचालींचे विकार. एका गटातले औषध दुसऱ्या गटात निरुपयोगी ठरते, प्रसंगी घातकही. झोपेत श्वास अडणाऱ्या माणसाला ‘झोप लागत नाही’ म्हणून बेंझोडायझेपीन गटातली गोळी दिली, तर घशाचे स्नायू आणखी सैल पडून श्वास जास्त वेळ अडू शकतो. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या क्षेत्रात जे मोलाचे काम झाले, ते अधिक गुंगी आणणारी औषधे शोधण्याचे नाही. कोणत्या रुग्णात झोपेच्या यंत्रणेचा नेमका कोणता भाग बिघडला आहे, हे हुडकण्याचे ते काम आहे.

झोपेत मेंदू नुसता पडून असतो, हा समज फार काळ टिकला. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातील युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी तो मोडला. झोपलेल्या माणसाचे डोळे ठरावीक काळाने मिटल्या पापण्यांखाली भराभर फिरू लागतात आणि त्या वेळी मेंदूच्या विद्युतलहरी जागेपणासारख्या दिसतात, असे त्यांनी दाखवले. या अवस्थेला पुढे ‘रेम निद्रा’ हे नाव पडले. ठळक स्वप्ने बहुतेक याच अवस्थेत पडतात आणि हातापायांचे स्नायू तेवढ्यापुरते जवळजवळ लुळे होतात. साधारण दीड तासाचे एक चक्र, अशी चार-पाच चक्रे एका रात्रीत होतात. आजची ‘स्लीप स्टडी’ या शोधावरच उभी आहे. रुग्णाच्या डोक्यावर, डोळ्यांच्या कडांना, हनुवटीवर आणि पिंढऱ्यांवर इलेक्ट्रोड चिकटवतात. नाकाशी हवेचा प्रवाह मोजणारी बारीक नळी, छाती-पोटाभोवती पट्टे, बोटाला ऑक्सिमीटर. एवढा जामानिमा अंगावर असताना झोप कशी लागणार, ही शंका प्रत्येक जण काढतो. तरी बहुतेकांना निदानापुरती झोप लागते.

झोप केव्हा यावी हे दोन गोष्टी मिळून ठरवतात, असे स्विस संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडले आणि ती मांडणी आजही टिकून आहे. पहिली गोष्ट झोपेची ओढ. माणूस जागा असतो तोवर मेंदूत ॲडेनोसिन साठत जाते आणि ओढ वाढते. चहा-कॉफीतले कॅफीन ॲडेनोसिनच्या ग्राहकांवर ठाण मांडून बसते म्हणून पेंग टळते. दुसरी गोष्ट जैविक घड्याळ. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसमध्ये सुमारे वीस हजार चेतापेशींचा एक पुंजका हे घड्याळ चालवतो आणि डोळ्यांवाटे येणाऱ्या उजेडाशी ते रोज जुळवून घेतो. या घड्याळामागच्या जनुकांच्या शोधासाठी जेफ्री हॉल, मायकेल रॉसबाश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल मिळाले.

या दोहोंच्या जोडीला जागेपण टिकवून धरणारी आणखी एक यंत्रणा आहे. तिचा पत्ता लागला तो नार्कोलेप्सी या विरळ आजारामुळे. या आजारात माणसाला दिवसा बोलता-जेवता झोप येते. काहींना तर मोठ्याने हसताच गुडघे वाकून खाली बसावे लागते, शुद्ध मात्र कायम असते. स्टॅनफर्ड विद्यापीठात हाच आजार असलेले डॉबरमन कुत्रे पाळले होते. आवडता खाऊ पुढे ठेवला की आनंदाच्या भरात ते जागीच कोसळत. १९९८ मध्ये दोन निरनिराळ्या गटांनी मेंदूतले एकच रसायन शोधले. एकाने त्याला हायपोक्रेटिन म्हटले, दुसऱ्याने ओरेक्सिन. पुढच्याच वर्षी स्टॅनफर्डच्या इमॅन्युएल मिन्यो यांच्या गटाला त्या कुत्र्यांत या रसायनाच्या ग्राहकाचे जनुक बिघडलेले आढळले. अमेरिकेतच मासाशी यानागिसावा यांच्या गटाने ओरेक्सिनविरहित उंदीर तयार केले, तर तेही तसेच कोसळू लागले. २००० मध्ये मृत रुग्णांचे मेंदू तपासल्यावर चित्र पुरे झाले : निरोगी मेंदूत सुमारे सत्तर हजार असणाऱ्या ओरेक्सिन पेशींपैकी ८५ ते ९५ टक्के पेशी या रुग्णांत नाहीशा झालेल्या होत्या.

कुत्र्यांत दोष जनुकाचा, माणसांत मात्र तो बहुधा स्वतःच्याच प्रतिकारशक्तीचा. जवळजवळ सर्व रुग्णांत प्रतिकारशक्तीशी निगडित असा एक विशिष्ट जनुकप्रकार आढळतो. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीनंतर फिनलंड व स्वीडनमध्ये ‘पँडेमरिक्स’ ही लस घेतलेल्या मुलांत नार्कोलेप्सीचे प्रमाण वाढलेले दिसले, त्यानेही या तर्काला बळ दिले. इतकी वर्षे उपचार होते ते लक्षणांवरचे : मोडाफिनिल, सोडियम ऑक्सिबेट, पुढे पिटोलिसंट. आता हरवलेल्या ओरेक्सिनचे कामच गोळीने करून घेण्याचा प्रयत्न चालू आहे. त्यातले पहिले तोंडी औषध परिणामकारक होते, पण यकृताला इजा होऊ लागल्याने चाचणी थांबवावी लागली. त्यानंतरच्या ओव्हेपोरेक्स्टन या औषधाचे ११२ रुग्णांवरील निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. दिवसाची झोप आणि कोसळण्याचे झटके दोन्ही लक्षणीय कमी झाले, यकृताचा त्रास दिसला नाही; निद्रानाश व वारंवार लघवीची घाई या तक्रारी मात्र आल्या. रोगाच्या मुळाशी पोचणारे औषध म्हणून निद्रावैद्यकात याच्या तोडीचे दुसरे उदाहरण सध्या तरी नाही.

नार्कोलेप्सीचे रुग्ण थोडे, निद्रानाशाचे असंख्य. झोपायला पुरेसा वेळ व जागा असूनही आठवड्यातून किमान तीन रात्री झोप लागत नाही किंवा मोडते, हे तीन महिने चालते आणि त्याने दिवसाच्या कामावर परिणाम होतो, तेव्हा त्याला दीर्घकालीन निद्रानाश म्हणतात. प्रौढांत साधारण दहा टक्क्यांना तो असतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी १९८० च्या दशकात त्याची उकल तीन थरांत केली : मुळातला चिंतातुर स्वभाव, एखादी घटना, आणि त्यानंतर माणूस स्वतःच लावून घेतो त्या सवयी. नोकरी जाणे, घरातले आजारपण, परीक्षा यांनी चार रात्री झोप उडते. ती भरून काढायला माणूस लवकर आडवा होतो, सकाळी लोळत राहतो, दुपारी डुलकी काढतो. मूळ कारण संपते, सवयी उरतात, आणि अंथरूण म्हणजे तळमळण्याची जागा असे समीकरण मेंदूत पक्के होते.

उपचार या तिसऱ्या थरावर घाव घालतो. त्याचे नाव निद्रानाशासाठीची संज्ञानात्मक वर्तन-उपचारपद्धती. डॉक्टर मंडळी त्याला ‘सीबीटी-आय’ म्हणतात. त्यातली सर्वांत कडक पायरी म्हणजे झोपेच्या वेळेवर बंधन. समजा, एक जण रात्री दहाला अंथरुणाला पाठ टेकतो आणि सकाळी सहाला उठतो. दोन आठवड्यांच्या नोंदवहीवरून दिसते, की या आठ तासांत प्रत्यक्ष झोप साडेपाच तासच होते, म्हणजे अंथरुणातला ६९ टक्के वेळ. त्याला सांगितले जाते : उठायचे सहालाच, पण साडेबाराच्या आधी आडवे व्हायचे नाही. पहिला आठवडा हाल होतात, दिवसभर डोळ्यांवर झापड असते. पण झोपेची ओढ साठत जाते आणि साडेपाच तास सलग झोप लागू लागते. झोपेचे प्रमाण ८५ ते ९० टक्क्यांवर गेले, की वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवतात. जोडीला दुसरा नियम : झोप येईना तर वीस मिनिटे कूस बदलत न बसता उठून दुसऱ्या खोलीत जायचे, पेंग आली की परतायचे. हा नियम रिचर्ड बूट्झिन यांनी १९७२ मध्येच सुचवला होता. ट्रकचालकांना, अपस्माराच्या आणि द्विध्रुवी विकाराच्या रुग्णांना मात्र वेळेवरचे बंधन असे परस्पर घालता येत नाही.

‘अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स’ने २०१६ मध्ये गोळीच्या आधी हाच उपचार द्यावा अशी शिफारस केली, युरोपातील मार्गदर्शक तत्त्वेही तेच सांगतात. त्यानंतरच्या संशोधनात दोन प्रश्न पुढे आले. पहिला, यातले नेमके कामाचे काय? २०२४ मध्ये २४१ चाचण्यांचे आणि ३१ हजारांहून अधिक लोकांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. वेळेवरचे बंधन, अंथरुणाचा नियम आणि झोपेविषयीच्या धास्तीदायक विचारांची दुरुस्ती यांचा उपयोग स्पष्ट दिसला. शरीर शिथिल करण्याच्या व्यायामांचा फायदा दिसला नाही, उलट ते मारक असण्याचीच शक्यता दिसली. ‘झोपेची स्वच्छता’ म्हणून दिली जाणारी सल्ल्यांची यादीही अत्यावश्यक ठरली नाही. संध्याकाळनंतर कॉफी नको, खोलीत अंधार हवा, मोबाइल दूर ठेवा, ही आरोग्य पुरवण्यांत हमखास छापली जाणारी यादी चुकीची नाही. पण जुनाट निद्रानाशाच्या रुग्णाला तेवढीच देऊन परत पाठवणे म्हणजे उपचार न करणेच होय.

दुसरा प्रश्न, प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ इतके आणायचे कोठून? इंग्लंडमधील ६४२ रुग्णांच्या चाचणीत फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यातील परिचारिकांना थोडके प्रशिक्षण देऊन फक्त वेळेवरचे बंधन शिकवायला लावले. २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निकालानुसार त्या रुग्णांचा निद्रानाश सहा महिन्यांनीही लक्षणीय कमी होता. ॲपवरून हा उपचार देण्याच्या पद्धतीलाही ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२२ मध्ये मान्यता दिली. त्याच वर्षी अमेरिकेतील साठी ओलांडलेल्या २९१ निद्रानाशग्रस्तांच्या चाचणीत या उपचाराने पुढील तीन वर्षांत नैराश्य येण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणले. परिचारिका आणि आशा कार्यकर्त्यांच्या बळावर आरोग्यसेवा चालणाऱ्या आपल्या देशात इंग्लंडचा प्रयोग करून पाहण्याजोगा आहे.

औषधांचा इतिहास मात्र एका गुंगीकडून दुसऱ्या गुंगीकडे जाण्याचा आहे. बार्बिट्युरेट्सनी माणसे दगावत, म्हणून १९६० च्या दशकात बेंझोडायझेपीन्स आली. त्यांची सवय जडते म्हणून पुढे झोलपिडेमसारखी औषधे. झोलपिडेम घेऊन झोपेतच गाडी चालवण्या-स्वयंपाक करण्याचे प्रकार घडू लागल्यावर अमेरिकी औषध प्रशासनाने २०१९ मध्ये या गटावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. भारतात अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, झोलपिडेम ही औषधे २०१४ पासून ‘शेड्यूल एच-१’मध्ये आहेत, ती देताना केमिस्टने डॉक्टरचे व रुग्णाचे नाव वेगळ्या नोंदवहीत लिहून ती तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. तरीही वर्षानुवर्षे जुन्याच चिठ्ठीवर ‘अर्धी गोळी’ घेत राहणारी ज्येष्ठ मंडळी घरोघर भेटतात. ही गोळी एका दिवसात बंद करायची नसते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठवड्यांच्या हिशेबाने उतरवायची असते.

गुंगी न आणता जागेपणाची यंत्रणा बंद करणारी औषधे ओरेक्सिनच्या शोधातूनच निघाली. नार्कोलेप्सीत जे रसायन कमी पडते, त्यालाच निद्रानाशात रात्रीपुरते थोपवायचे, ही कल्पना. सुवोरेक्संट २०१४ मध्ये, लेम्बोरेक्संट २०१९ मध्ये आणि डॅरिडोरेक्संट २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. सवय व धडपडण्याचा धोका त्यांत कमी दिसतो, परिणाम मात्र माफक आहे. मेलाटोनिनविषयी लोकांचा उत्साह पुराव्याच्या पुढे धावतो आहे. जैविक घड्याळ पुढे-मागे सरकवायला ते उपयोगी. साध्या निद्रानाशासाठी ‘अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन’ने २०१७ मध्ये ते न सुचवण्याचाच सल्ला दिला. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मेलाटोनिनच्या २५ प्रकारच्या गमी तपासल्या, तेव्हा २२ प्रकारांत वेष्टनावर लिहिलेले प्रमाण खोटे निघाले.

झोपेत मेंदूतला कचरा धुऊन निघतो, ही कल्पना २०१३ मधील उंदरांवरच्या प्रयोगांतून आली आणि झपाट्याने लोकप्रिय झाली. २०२४ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या गटाला नेमके उलट आढळले : झोपेत हा निचरा मंदावतो. २०२५ मध्ये मूळ कल्पनेच्या बाजूने नवा पुरावा आला आणि त्यात झोलपिडेम दिलेल्या उंदरांत निचरा कमी झालेलाही दिसला. वाद मिटलेला नाही. गोळीची झोप ही नैसर्गिक झोप नव्हे, असे म्हणायला आधार आहे. झोपेच्या गोळीने स्मृतिभ्रंश होतोच, असे म्हणायला नाही.

झोपेतील श्वासरोध, म्हणजे स्लीप ॲप्निया, हा सर्वांत जास्त दुर्लक्षिला जाणारा विकार. झोपेत घशाची नळी सैल पडून बंद होते, दहा सेकंद ते मिनिटभर श्वास थांबतो, रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू क्षणभर जागा होऊन श्वास सुरू करतो. तासाला असे पाचहून अधिक प्रकार झाले तर आजार, तीस किंवा अधिक झाले तर तो तीव्र. रुग्णाला यातले काही आठवत नाही. सकाळी डोके जड असते, दिवसा सिग्नलवरही डोळा लागतो, रक्तदाब औषधांना दाद देत नाही. जगात ३० ते ६९ वयाच्या सुमारे ९३ कोटी ६० लाख लोकांना हा त्रास असावा, असा २०१९ चा अंदाज आहे. भारतातील पहिल्या महत्त्वाच्या पाहण्यांपैकी एक मुंबईची. हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी नेहमीच्या आरोग्यतपासणीला आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांत ती केली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार १९.५ टक्क्यांत श्वसनाचा बिघाड आणि ७.५ टक्क्यांत लक्षणांसह पुरता आजार होता. ‘घोरतो म्हणजे गाढ झोपतो’ ही आपल्याकडची समजूत किती महागात पडते, ते या आकड्यांवरून कळावे.

१९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी नाकावर मुखवटा लावून दाबाची हवा घशात सोडली आणि घसा उघडा राहिला. तेच आजचे ‘सी-पॅप’ यंत्र. ते लावले की पहिल्याच रात्री फरक पडतो, पण पुष्कळ जण महिन्याभरात ते कपाटात ठेवतात. २०१६ मध्ये हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या २,७१७ रुग्णांवरील चाचणीत या यंत्राने झटका किंवा पक्षाघात टळल्याचे दिसले नाही, तेव्हा खळबळ उडाली. त्या रुग्णांनी यंत्र रात्री सरासरी ३.३ तासच लावले होते, हे बातम्यांत मागे पडले. दिवसाची पेंग, रक्तदाब आणि जीवनमान यांत मात्र सी-पॅपचा फायदा निर्विवाद आहे.

यंत्र न सोसणाऱ्यांसाठी आता पर्याय वाढले आहेत. काहींना खालचा जबडा पुढे धरणारे दातांवरचे उपकरण पुरते. जिभेच्या चेतातंतूला उद्दीपन देणारे, गळपट्टीच्या हाडाखाली बसवायचे उपकरण अमेरिकेत २०१४ मध्ये मंजूर झाले. १२६ रुग्णांत वर्षाअखेरीस तासाला २९.३ असलेले अडथळे ९.० वर आले. सर्वांत मोठी बातमी औषधाची. मधुमेह-स्थूलतेवरील टिर्झेपेटाइडच्या इंजेक्शनाने, तासाला सुमारे पन्नास अडथळे असणाऱ्या स्थूल रुग्णांत वर्षभरात तासामागे २५ ते २९ अडथळे कमी केले आणि डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत ते या आजारासाठी मान्य झालेले पहिले औषध ठरले. पण भारतात वजन फारसे नसलेल्यांतही हा आजार आढळतो. जबड्याची ठेवण लहान असलेल्या सडपातळ रुग्णाला या इंजेक्शनाचा उपयोग होईल, असे त्या चाचणीवरून म्हणता येत नाही.

जैविक घड्याळाचे विकार तरुणांत आणि रातपाळीवाल्यांत दिसतात. पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत अमेरिकेच्या वेळेने काम करणारे दोन घड्याळांच्या कात्रीत सापडतात. रातपाळीच्या कामाला कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवले. ठरावीक वेळी प्रखर उजेड, ठरावीक वेळी अंधार आणि अल्प मात्रेत मेलाटोनिन हेच उपचाराचे साधन.

रात्री अंथरुणात पायांत वळवळ होणे, ते हलवल्याशिवाय किंवा चेपून घेतल्याशिवाय चैन न पडणे, याला ‘रेस्टलेस लेग्ज’ म्हणतात. मेंदूतील लोहाची कमतरता हे त्याचे मोठे कारण. वर्षानुवर्षे यावर प्रामिपेक्सोलसारखी डोपामिनवर्गीय औषधे दिली गेली, पण कालांतराने त्यांनीच त्रास बळावतो. म्हणून अमेरिकेतील २०२५ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी त्यांच्या सरसकट वापराविरुद्ध मत देऊन लोह आणि गॅबापेंटिन गटातली औषधे पुढे आणली. भारतात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी सांगते. पायांची ही तक्रार घेऊन आलेल्या बाईचे फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, आधी तपासणे, हे झोपेची गोळी लिहिण्याहून शहाणपणाचे.

रेम निद्रेत स्नायू लुळे न पडल्याने स्वप्नाबरहुकूम लाथा-बुक्क्या मारण्याचा विकार १९८६ मध्ये मिनेसोटातील कार्लोस शेंक आणि मार्क महोवाल्ड यांनी वर्णिला. तो उतारवयात येतो. २४ केंद्रांतील १,२८० रुग्णांच्या २०१९ च्या अभ्यासात बारा वर्षांत जवळजवळ तीन-चतुर्थांश जणांना पार्किन्सन किंवा त्याच्या जातीचा आजार होण्याचा धोका दिसला. हा आजार रोखणारे औषध अजून नाही. पण ते शोधायचे तर लक्षणे दिसण्याआधीचे रुग्ण हवेत, आणि ते इथेच सापडतात.

मनगटावरची घड्याळे आता झोप मोजतात. एकूण वेळ ती बऱ्यापैकी सांगतात, अवस्था सांगताना चुकतात. श्वासरोधाची शंका दाखवणाऱ्या सोयीला सॅमसंग आणि ॲपल यांना अमेरिकेत २०२४ मध्ये परवानगी मिळाली. ती शंका आहे, निदान नव्हे. आकडे पाहून पाहूनच झोप उडालेल्यांचा एक वर्गही तयार झाला असून, २०१७ मध्ये संशोधकांनी त्याला ‘ऑर्थोसोम्निया’ असे नाव दिले.

म्हणून तपासणीला जाताना घड्याळाच्या आलेखाऐवजी दोन आठवड्यांची हाताने लिहिलेली झोपेची नोंद न्यावी, आणि शक्य असेल तर त्याच खोलीत झोपणाऱ्या माणसालाही सोबत न्यावे. घोरणे, श्वास अडणे, लाथा मारणे हे पाहिलेले असते ते त्यानेच.